कुलूप लागलेले चर्च

देवळात गेलो की मूर्तीच्या आधी खांब न्याहाळायचे, ही माझी जुनी खोड. तिच्यापायी घरच्यांची बोलणी पुष्कळ खाल्ली आहेत. इंग्लंडात डर्बीशायरमधल्या ईम या खेड्यात गेलो, तेव्हा मात्र ती कामी आली. तिथले सेंट लॉरेन्सचे चर्च म्हणजे शतकांची गोधडीच. बाप्तिस्म्याचे दगडी पात्र नॉर्मन अमदानीतले, भिंतीवरचे सूर्यघड्याळ १७७५ चे, आणि आवारात या साऱ्यांहून वडील असा, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा सॅक्सन क्रूस. त्याच्या दांड्याचा एक तुकडा केव्हाच हरवला आहे. त्यामुळे तो मान खाली घालून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो.

परंतु या वास्तूच्या इतिहासातले मोठे पर्व तिचे दार बंद होते तेव्हाचे आहे. १६६५ साली लंडनहून शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले आणि त्यातून प्लेग आला, असे सांगतात. पुढल्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन याने गावाला विनविले, की कोणी वेशीबाहेर जाऊ नका. गेलात तर साथ शेजारच्या गावांत शिरेल. हा गावात नवखा. लोकांचा भरवसा थॉमस स्टॅन्लीवर. तो आधीचा धर्मगुरू, धर्ममतांच्या भांडणात पदाला मुकलेला. एरवी ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नसते, ते दोघे एक झाले आणि गाव थांबले. चर्च बंद झाले. प्रार्थना उघड्या घळीत, तीही घराघराने अंतर राखून. ज्याचे मृत त्यानेच पुरायचे. बाहेरचे लोक शिवेवर धान्य ठेवून जात आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी उचलून नेत. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने १६६६ च्या ऑगस्टात आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले आपल्या हातांनी मातीआड केली. साथ सरली तोवर गावातली सुमारे २६० माणसे गेली होती.

इथवर सारे उदात्त आहे. पण मॉम्पेसनने आपली दोन्ही मुले गाव बंद होण्यापूर्वीच यॉर्कशायरला धाडली होती, हे कळले आणि माझे मन विटले. लोकांना ब्रह्मज्ञान! मग वाटले, मीही बाप आहे. मी काय निराळे केले असते? मुले गेली तेव्हा कोणी शपथ घेतलेली नव्हती. तो लबाड नव्हता. तरीही सल राहतोच. मुले पाठवायला त्याला यॉर्कशायर होते. खाणीत राबणाऱ्याला कोण होते? ज्याला जायला जागा आहे त्याचे थांबणे आणि ज्याला ती नाही त्याचे थांबणे, या दोहोंना आपण त्याग हा एकच शब्द वापरतो. मला तो आता जड जातो.

आणि कॅथरिन? त्याची बायको. मुलांबरोबर जा, म्हणून त्याने तिची मनधरणी केली. ती गेली नाही. रोग्यांची शुश्रूषा करीत राहिली आणि त्याच ऑगस्टात वारली. तिच्यापुढे माझा वकिली आव गळून पडतो. तिची कबर त्या जुन्या क्रूसाच्या शेजारी, चर्चच्या आवारात आहे. आवारात, हे मी मुद्दाम लिहितो.

हॅनकॉकांच्या कबरी पाहायला गावाबाहेरची चढण चढावी लागते. माळावर दगडी कुंपणाचे एक वर्तुळ आहे. आत नवऱ्याची एक आणि मुलांच्या सहा खुणा आहेत. एलिझाबेथची नाही. ती जगली.