मधल्या काळात आत्मा कुठे असतो?

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला मरणाची फारशी भीती वाटत नाही. त्याला भीती वाटते ती मरणानंतरच्या फॉर्मांची. आमच्याकडे माणूस मेला की लगेच मरत नाही. मृत्यूचा दाखला यावा लागतो, नॉमिनीची सही जुळावी लागते, मॅनेजरसाहेब रजेवरून परतावे लागतात. तोवर कागदोपत्री तो ठणठणीत असतो, आणि त्याच्या पैशांना व्याजही लागत असतं. उलट, दर नोव्हेंबरात काठी टेकत येणारे पेन्शनर माझ्यासमोर उभं राहून, खोकून, पंख्याबद्दल तक्रार करून, वर माझ्याशी भांडूनसुद्धा हयातीचा दाखला दिल्याखेरीज जिवंत ठरत नाहीत.

त्यामुळे आत्मा जुना देह सोडतो आणि नवा धरतो, या दोन्हींच्या मधल्या काळात तो कुठे असतो, हा प्रश्न मला कधी अध्यात्माचा वाटलाच नाही. हा सरळसरळ क्लिअरिंगचा प्रश्न आहे. एका खात्याला नावे पडलं, दुसऱ्याला अजून जमा व्हायचंय. मग मधे रक्कम आहे कुठे? आम्ही अशी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि ऑडिटर येईपर्यंत तिकडे बघत नाही.

बृहदारण्यक उपनिषदातला आत्मा मात्र भलताच सावध आहे. गवताच्या पात्यावरची अळी टोकाला पोचते, दुसरं पातं धरते आणि मगच अंग ओढून घेते, तसा तो जातो म्हणे. म्हणजे दुसऱ्या नोकरीची ऑर्डर खिशात पडल्याशिवाय पहिलीचा राजीनामा न देणारा. हा आत्मा नक्की आमच्याच स्टाफपैकी असावा.

जैनांचा कारभार त्याहून चोख. तत्त्वार्थसूत्राप्रमाणे जीव नव्या जन्माकडे निघाला की वाटेत फार तर तीन वळणं घेतो, आणि या प्रवासाला लागणारा वेळ इतका सूक्ष्म की पापणी लवायलाही त्याहून कितीतरी जास्त लागतो. थेरवादी बौद्ध म्हणतात, मधला काळच नाही, आणि पलीकडे जाणारा आत्माही नाही. एका दिव्यावर दुसरा दिवा लागावा तसं ते आहे. तिबेटी बौद्धांकडे मात्र जास्तीत जास्त एकोणपन्नास दिवसांची मुदत आहे. तेवढ्या दिवसांत मृताला वाट कळावी म्हणून ‘बार्दो थोडोल’ वाचून दाखवतात. गेलेला माणूस ऐकत असतो, अशी श्रद्धा. आमचे खातेदार तर समोर बसूनही ऐकत नाहीत.

आणि आपला गरुडपुराणाचा सारोद्धार! त्याच्यातला हिशेब बघून माझ्यातला बी.कॉम. गहिवरला. यमलोकाची वाट ८६,००० योजनं. जीव रोज २४७ योजनं चालतो. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. ३४८ दिवस आणि वर किंचित. म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत माणूस मुक्कामी पोचतो. वाटेत सोळा नगरं, शिवाय वैतरणी. त्याआधी दहा दिवसांचे दहा पिंड, आणि त्यांतून प्रवासापुरता देह तयार होतो: पहिल्या दिवशी डोकं, मग एकेक अवयव. हप्त्याहप्त्याने देह मिळण्याची ही एकमेव योजना, आणि हप्ते भरायचे दुसऱ्यांनी.

खरी मेख इथेच आहे. माझ्या खात्यात दुसऱ्याला भरणा करता येतो का? बँकेत येतो. पैसे काढायला माझी सही लागते. भरायला कुणीही चालतो. आपलं श्राद्ध आणि तिबेटी पठण दोन्ही याच नियमावर चालतात. जैन तत्त्वज्ञान म्हणतं, छे! ज्याचं कर्म त्याने भरावं, श्राद्धबिद्ध काही पोचत नाही. विचार केला तर न्यायाचं तेच. मुलाने खीर वाढली म्हणून बापाचा लबाडीचा हिशेब मिटायला लागला, तर लबाडांनी फक्त मुलं चांगली निघण्याची काळजी घ्यायची!

पण माणसाचं मन न्यायाने कुठे चालतं? मधला काळच न मानणारे श्रीलंकेतले, थायलंडमधले बौद्धसुद्धा भिक्षूंना दान देऊन त्याचं पुण्य मृताच्या नावे करतात. आपणही पितृपक्षात आजोबांचं पान वाढतो. वास्तविक आपल्याच हिशेबाने आजोबा एव्हाना कुठेतरी जन्म घेऊन दप्तर पाठीला लावून शाळेत जात असतील. विचारायचं नाही. वाढायचं.

आमच्या काकांच्या दहाव्याला नदीवर पिंड मांडून तास झाला, तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळ्यांची युनियनची मीटिंग भरलेली. दोघे चुलतभाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे. वाटणीवरून सहा वर्षं बोलणं बंद, अंगणाच्या मधोमध भिंत. गुरुजी म्हणाले, ‘‘काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला.’’ थोरला म्हणाला, ‘‘आईला काही कमी पडू देणार नाही.’’ कावळे ढिम्म. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात धाकटा पिंडाकडे बघत पुटपुटला, ‘‘दादा, भिंत उद्या पाडतो.’’

आणि कावळा उतरला. कावळ्याला भिंतीत काय रस असणार? भूक लागली असेल. पण भिंत पडली, आणि काकूला दोन तुळशींना पाणी घालायचं एक काम कमी झालं.

मयत खातेदाराच्या नावे पैसे आले तर काय करायचं, याबद्दल रिझर्व्ह बँकेने २००५ सालच्या परिपत्रकात दोन वाटा सांगितल्या होत्या. वारसांच्या संमतीने मयताच्या इस्टेटीचं वेगळं खातं उघडून रक्कम त्यात ठेवायची. नाहीतर ‘खातेदार मयत’ असा शेरा मारून ती पाठवणाऱ्याला परत करायची. गेलेल्यांसाठी आपण जे काही करतो त्याचं बहुधा दुसऱ्या वाटेनेच होत असावं. काकांच्या नावाने भरलेली भिंत परत आली ती दोन भावांच्याच खात्यात. मधला काळ खरा त्यांचा चालला होता, सहा वर्षं, सस्पेन्समध्ये. म्हणून दहावा-तेरावा मला फुकटचा वाटत नाही. पत्ता चुकीचा असेल. पैसे बुडत नाहीत.

एकच गोष्ट खटकते. ती सहा वर्षं काका त्याच अंगणात, भिंतीच्या अलीकडे खुर्ची टाकून रोज बसायचे. भरणा तेव्हा झाला असता तर पावती त्यांच्या हातात देता आली असती. आणि कावळ्यांचाही तास वाचला असता.