शिवाराची फेरी

इंग्लंडात जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला. तीन वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांच्या पुस्तकाने निसर्गपूजक चेटूकपंथ जगापुढे आणला. आज तिकडे शिकलीसवरलेली माणसं स्वतःला बिनदिक्कत ‘विच’ म्हणवतात. ऋतू पालटला की सण, चंद्राच्या कलांचा हिशेब, कुंडीतल्या औषधी, मीठ, धूर, दिवा. आता पुण्या-मुंबईच्या पोरीही मोबाइलवर पाहून हे करू लागल्या आहेत. यांच्यातली एखादी मार्गशीर्ष अमावस्येला अक्कलकोटच्या शिवारात उतरली, तर माहेरी आल्यासारखी रमेल. फक्त तिने ‘चेटूक’ हा शब्द तोंडातून काढू नये, नाहीतर भरल्या पानावरून उठावं लागेल.

त्या दिवशी आमच्याकडे येळवस असते. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि पलीकडे कलबुर्गी-बिदरपर्यंत सगळी गावं शेतात. आदल्या रात्री चूल विझत नाही. हरभरा, वाटाणा, तूर, वालाचे ओले दाणे, मिळतील त्या पालेभाज्या एकाच भज्जीत पडतात. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून आंबील होते, जोडीला उंडे, धपाटे, खीर. सकाळी पाट्या डोक्यावर घेऊन बायका निघतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, कोपीत चुना फासलेले पाच दगड, तेच पांडव. पूजा झाली की मडक्यातली आंबील पाल्याने पिकावर शिंपडत माणूस शेताला फेरी घालतो. ज्याला जमीन नाही, त्याला रस्त्यावरून हाक मारून पंगतीला बसवतात.

याच्यामागचं ‘शास्त्रीय कारण’ सांगणारे लेख दर वर्षी फिरतात. आंबिलीतले जिवाणू कीड मारतात म्हणे. एकरभर शाळूवर ओंजळभर आंबील शिंपडून कीड मरत असती, तर फवारणीचे पंप कुणी विकत घेतले असते? असल्या समर्थनांचा मला कंटाळा आहे. विधीला प्रयोगशाळेचं प्रशस्तिपत्र लागत नाही, आणि ते खोटं जोडलं तर विधी आणि विज्ञान दोन्ही हास्यास्पद होतात.

माझं लक्ष फेरीकडे आहे. तेव्हा शाळू पोटरीत किंवा नुकता निसवलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात. धुऱ्याने सावकाश चालणाऱ्याला ज्वारीच्या पानावरचा चिकटा दिसतो, घाट्याला अळीने पाडलेलं भोक दिसतं. कुठे ओल टिकली, कुठे भेगा पडल्या हे तळपायाला कळतं. शेजाऱ्याने यंदा बांध किती कोरला, तेही दिसतं! वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर जगणाऱ्या मुलखात पीक ओलीच्या शिल्लकीवर येतं. ती शिल्लक पाहायची तर पायीच जावं लागतं.

आणि भज्जी? तांदुळजा कुठला, चिघळ कुठली, पाथरी कोवळी कधी, हे सातबाऱ्यावर नाव असलेल्या घरधन्याला विचारून पाहा. ते भज्जी करणाऱ्या बाईला माहीत असतं. तिच्या या जाणतेपणाला घरात कौतुक आहे, पण तीच बाई एकटी पडली की सगळं उलटतं. तिच्या काढ्याने एकाचं पोर बरं झालं आणि दुसऱ्याचं दगावलं, एवढं पुरतं. सातपुड्यात तिला डाकीण ठरवून मारलं गेलं, मराठवाड्यात भानामतीच्या संशयाने माणसं गावातून उठवली. निसर्गाशी जवळीक सांगणाऱ्या नव्या ‘विच’ मंडळींना हा इतिहास ठाऊक असायला हवा. इथे त्या नावाची किंमत बायकांनी जिवाने मोजली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच आठवड्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. मला तो कायदा हवा होता आणि आजही हवा आहे.

पण त्याच कायद्याने जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि जमिनीतलं पाणी सांगणारे यांना मोकळं सोडलं आहे. म्हणजे पाणाड्या सुटला. तळहातावर नारळ आडवा धरून तो रान चालतो, नारळ उभा राहिला की तिथे बोअर. जुना पाणाड्या चालताना उंबर बघायचा, जांभूळ बघायचा, वारूळ बघायचा, खोलगट जागा हेरायचा. ही खुणांची विद्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेतल्या दकार्गल अध्यायाइतकी जुनी आहे, आणि उथळ पाण्यापुरती तिच्यात काही तथ्यही आहे. नारळ हे नुसतं नाटक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये निवडक पाणाड्यांची परीक्षा घेतली, तेव्हा आकडे पुन्हा तपासणाऱ्यांना त्यात योगायोगापलीकडे काही सापडलं नाही. आता तर पाणाड्या मोटारसायकलवर येतो, झाडांकडे पाहतही नाही. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांत असतं. भेग हुकली की पाचशे-सहाशे फूट नुसती भुकटी उडते. बोअरवाल्याचं बिल मात्र फुटावर, आणि ते सावकाराकडून उचलून भरायचं. सारी विद्या चालण्यात होती, पैसा नारळात आला.

चमत्कार सांगणाऱ्या सगळ्यांवर माझा सारखाच राग आहे असंही नाही. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम झाल्यावर रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, फळं मांडतात. त्याने कशाला तोंड लावलं त्यावरून महागाई, मूत्र टाकलं तर पाऊस चांगला. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या पेपरांत बातमी येते. कांद्याचा व्यापारी ती चहाबरोबर वाचतो, वासराला मनोमन हात जोडतो आणि बाजार समितीत आवक किती झाली ते बघायला निघतो.