आकड्याला जात नसते

सट्टा लावणाऱ्या आपल्या माणसाला आपण मूर्ख म्हणतो. बैठकीत म्हणतो, भाषणात म्हणतो. मला ते पटत नाही. अकोल्याच्या जिनात गाठी उचलणारा हिशेबात कच्चा नसतो. हमालीत कोणी चार आणे मारले तर त्याला तिथल्या तिथं कळतं. मग तोच रोज संध्याकाळी सट्टापट्टी का लिहितो?

आधी हा आकडा कुठला ते पाहू. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडायचा, बंद व्हायचा. टेलिप्रिंटरवरून तो मुंबईच्या कापूस बाजारात यायचा आणि त्यावर पैसा लागायचा. ओपन-क्लोज तिथले. १९६१ साली ते बंद पडलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं आणि १९६४ मध्ये रतन खत्रीनं आपापला मटका चालू केला. मडक्यातल्या चिठ्ठ्या, पुढं पत्ते. म्हणजे बघा, कापूस वेचायचा आमच्या मायनं, भाव फुटायचा सातासमुद्रापार, आणि त्या भावाच्या शेपटाला लोंबकळायचं पुन्हा आम्हीच!

आता हिशेब. शून्य ते नऊ, आकडे दहा. लागला तर बहुतेक ठिकाणी रुपयाला नऊ. जोडी शंभरातली एक, मिळतात नव्वदच्या आसपास. दहावा हिस्सा खायवालाचा, कोणताही आकडा येवो. शंभर जणांनी शंभर दिवस रोज एक जोडी लावली, तर छत्तीस-सदतीस जणांना एकदाही लागत नाही. वस्तीत गाजतो तो ज्याला लागली तो. "पंजा पंधरा दिसापासून आला नाई, आज येतेच पाय भाऊ." अरे, काल काय निघालं ते पत्त्याला काय माहीत? आणि हे सगळं सोडत सरळ आहे असं धरून. काढणाराच कमी लागलेला आकडा पाहून पत्ते काढत असेल तर हाही हिशेब गेला. स्वप्नाचं तर बोलूच नका. जन्मभर उपाशी राहिलेला बाप मेल्यावर पोराला ओपन सांगायला येतो, ही काय थट्टा?

पण मला खरी ओढ दुसरीच दिसते. आकड्याला जात नसते. गावात पाणवठ्यावर, देवळात, तहसिलीत कुठंच त्याचा रुपया पाटलाच्या रुपयाएवढा भरला नाही. पट्टीवर भरतो. पंजा आला तर दोघांनाही नऊच. ही समता आहे का? दोघांचा दहावा हिस्सा कापला जातो, पण पाटलाचे दहा गेले तर पानाचे गेले, याचे दहा गेले तर चूल थंड.

कोणी म्हणतो, जन्म हीसुद्धा सोडतच. साफ खोटं. सोडतीत काय निघणार हे आधी ठाऊक नसतं. इथं कोणत्या घरात जन्मलेल्याला काय मिळणार हे आधीच लिहून ठेवलं होतं. त्याला नशीब म्हटलं की लिहिणारा सुटला.

सिगालोवाद सुत्तात बुद्धानं जुगार हा धन नासवणाऱ्या सहा वाटांत धरला. जिंकणाऱ्याला वैर, हरणाऱ्याला झुरणी. पण १९६९ मध्ये महाराष्ट्र सरकारनंच लॉटरी काढली. तिकीट कायदेशीर, मटका बेकायदा. हिशेबाची जात मात्र एकच.

माणसाला गठ्ठा पैसा लागतो. दवाखान्याला, लग्नाला, टिनाच्या छपराला. रोजीतून तो साठत नाही, उधार कोणी देत नाही. म्हणून तो रुपयात गठ्ठ्याची आशा विकत घेतो. यात मला मूर्खपणा दिसत नाही, कोंडी दिसते. आपल्या बाया भिशी लावतात ना? तिथंही चिठ्ठीच निघते. पण दहा जणींचे दहा हप्ते, दहाही जणींना गठ्ठा. नशिबाच्या हाती फक्त पाळी. मधे खाणारा कोणी नाही. अमरावतीच्या एका वस्तीत मी हे मोठ्या जोमानं समजावून सांगत होतो. एक बाई म्हणाली, "भाऊ, वेचणी सरली का रोजी सरते. चैतात हप्ता कायचा भरू? भिशीवाल्या बाया थांबत नाईत. सट्टेवाला तं एका रुपयातई घेते."

तिला काय सांगायचं, तेवढं पुढच्या बैठकीत घ्या.