कारण आहे, म्हणून रोग नाही?

1982 च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. बा रिंग खात्यात कामाला. संप लांबला, वर्ष उलटलं, अन् बा हळूहळू बोलायचाच थांबला. पहाटे तीनला उठून भिंतीला टेकून बसायचा. "माझ्यापायी पोरं उपाशी," एवढंच तोंडातून निघायचं. आई म्हणायची, "अवं, दोन घास तरी खावा की." चाळ म्हणायची, सगळ्यांचंच असं झालंय. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "हातचं काम गेलंय म्हणून उदास आहे. रोग काही नाही."

बा पुढं सहा वर्षं जगला. पण त्याला पुन्हा हसताना मी पाहिलं नाही.

डॉक्टर खोटं बोलला नव्हता. कारण होतंच. माझा प्रश्न एवढाच की, कारण सापडलं म्हणजे रोग संपला काय?

दोस्तांनो, हा वाद आज जगभर आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचा एक जाडजूड ग्रंथ आहे, त्यावर आपलेही डॉक्टर शिकतात. त्यातला हिशेब असा: नऊ लक्षणांपैकी पाच, दोन आठवडे, आणि त्यात उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक हवंच. एवढं जमलं आणि रोजचं जगणं अडलं की नैराश्याचा रोग. 1994 च्या आवृत्तीत एक सूट होती. जवळचं माणूस मेलं असेल तर साधारण दोन महिने त्याला रोग म्हणू नये. 2013 साली ती सूट काढून टाकली. जुन्या आवृत्तीचे प्रमुख ॲलन फ्रान्सिस यांनीच त्याला विरोध केला. म्हणाले, साध्या शोकाला रोग ठरवाल. त्याआधी 2007 साली हॉरविट्झ आणि वेकफिल्ड या दोघा अभ्यासकांनी अख्खं पुस्तक लिहून बजावलं होतं की, नोकरी जाणं, घर मोडणं यातूनही रास्त दुःख होतं, त्याला आजार म्हणू नका.

पटतं. आम्हाला तर जास्तच पटायला हवं. 1851 साली अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं मालकाकडून पळणाऱ्या काळ्या गुलामाला रोगी ठरवलं होतं. रोगाला भारदस्त नावही दिलं, अन् इलाजात चाबूक सांगितला. ज्यांच्या लढ्यावरून 1972 साली इथं पँथर हे नाव घेतलं, त्यांच्याच आज्या-पणज्यांची ही गोष्ट. तेव्हा अन्यायानं पेटलेल्या माणसाला कुणी 'पेशंट' म्हटलं की माझे कान टवकारतात.

तरी बा आठवतो अन् मी अडतो. कारण असलं की रोग नाही, हा नियम केला तर आमच्यातला कोण कधी आजारी ठरणार? आमच्या प्रत्येक दुःखाला कारण आहे. भाकरीचं आहे, आडनावाचं आहे. उन्हातान्हात राबून क्षय झाला तर गरिबी हे कारण आहे म्हणून कुणी औषध नाकारतं काय?

गेल्या साली माझा भाचा कॉलेजच्या हॉस्टेलातून परत आला. तिथं त्याला नावानं कुणी हाक मारत नव्हतं, 'कोटा' म्हणत. ताटाशेजारी कुणी बसत नव्हतं. डॉक्टरनं नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, गोळी दिली. गोळीनं गुण आला, हे मी नाकारत नाही. पोरगा झोपू लागला. पण नऊ प्रश्नांत 'तुला कुणी काय केलं?' हा प्रश्न नव्हता.

बाला कारण मिळालं, इलाज मिळाला नाही. भाच्याला इलाज मिळाला, कारण कुणी विचारलं नाही. व्याख्या रुंद करा की अरुंद, असं भांडणारे या दोघांपैकी एकाला बाहेरच ठेवतात. माझं म्हणणं सरळ आहे: दार रुंद ठेवा, पण आत आलेल्या माणसाला काय घडलं ते विचारा आणि लिहून ठेवा. इलाज आजाऱ्याचा हक्क आहे. त्यानं करणाऱ्याचा गुन्हा माफ होत नाही.

पुढच्या खेपेला मी भाच्याबरोबर गेलो. म्हणालो, "डॉक्टरसाहेब, हॉस्टेलातलं पण लिहा."

"त्याला इथं रकाना नाही," ते म्हणाले.

"मग कागदाच्या पाठीवर लिहा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अन् कागद उलटा केला.