तहहयात

गेल्या पौषात खालची डावी दाढ काढली, तेव्हापासून त्या रिकाम्या जागेचा विषय आमच्या घरी थकलेल्या पाणीपट्टीसारखा अधूनमधून निघत असे, परंतु परवा माझ्या पुतण्याने, जो जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांचा व्यापार करतो आणि ज्याला जगातील प्रत्येक वस्तूचा भाव टनावर सांगण्याची सवय आहे, दंतवैद्याने दिलेला खर्चाचा कागद वाचून सहज विचारले, "काका, हा स्क्रू तीस वर्षं टिकंल हो, पण तुम्हाला किती वर्षं लागणार?" प्रश्नात उपमर्द नव्हता, तरी जिथे दाढच उरली नव्हती तिथे तो रात्रभर सुपारीच्या खांडासारखा अडकून राहिला.

कागदावर तीन रकमा होत्या: काढता-घालता येणाऱ्या कवळीचे 3 हजार, ब्रिजचे 15 हजार आणि हाडात स्क्रू बसवून करायच्या इम्प्लांटचे 35 हजार. दात पडला की शेजारचे दात त्या बाजूस कलतात, समोरची दाढ आधार नसल्याने त्या रिकाम्या जागेकडे सरकते, हे आता सर्वश्रुत आहे. आणि दात व चणे यांच्या चुकामुकीची म्हण तर वाचकाला पाठच असेल. ब्रिज मी प्रथमदर्शनीच नामंजूर केला. मयत खातेदाराची थकबाकी शेजारच्या दोन निर्दोष खातेदारांकडून वसूल करावी, तसा दोन धडधाकट दात घासून त्यांच्या खांद्यावर तिसरा उभा करण्याचा तो प्रकार, महसूल खात्यात उभी हयात कारकुनी केलेल्या माणसाला रुचणे शक्य नव्हते.

राहिली कवळी आणि इम्प्लांट, आणि पुतण्याच्या प्रश्नामुळेच माझा ओढा इम्प्लांटकडे वाढला. स्वीडनमधील ब्रोनेमार्क या संशोधकाने 1952 मध्ये सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढू पाहिले, तो हाडाने त्याला असे आपलेसे केले होते की ते सुटेना. त्या हट्टी स्नेहातून 1965 मध्ये योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात पहिले स्क्रू बसले आणि 2006 मध्ये तो वारला तोपर्यंत त्यांनी इमानाने चाकरी केली. पुतण्याला निरुत्तर करण्यास एवढा दाखला पुरेसा होता. परंतु तो दाखला मनात घोळवताना मला माझ्या एका जुन्या आवडत्या भेदाची आठवण झाली, तो टिकणे आणि पुरणे यांतील. टिकणे हा वस्तूचा गुण. पुरणे हे वस्तूचे गरजेशी असलेले नाते. लार्सनचे स्क्रू आपण वाखाणतो ते टिकले म्हणून की त्याला पुरले म्हणून?

आमच्या जालन्याला हा भेद नवा नसावा. या गावाची प्रसिद्धी दोन मालांवर उभी आहे: एक भंगार वितळवून केलेली सळई, जी स्लॅबच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या राहावी अशी अपेक्षा असते; आणि दुसरे बियाणे, ज्याच्या संकरित वाणांचा धंदा बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको स्थापून नावारूपाला आणला. सळई गंजली तर ग्राहक भांडायला येतो; संकरित बियाणे एका हंगामात संपते, त्याचे धान्य पुन्हा पेरले तर तोच वाण उतरत नाही, तरी ते टिकले नाही अशी तक्रार कोणी करीत नाही. माझे वडील कणगीत राखेत घोळून ठेवलेल्या गावरान ज्वारीचा अभिमान बाळगीत, आणि पाऊस तोंडावर आला की बियाण्याच्या दुकानापुढे रांगेतही उभे राहत; त्यांना मी दांभिक समजत असे. आता वाटते, कणगीतली ज्वारी तरी कुठे टिकत होती? दरसाल पेरली जात होती, म्हणूनच ती होती.

तहसिलीच्या दफ्तरात निजामी अमदानीतील इनामांचे कागद हाताळताना दोन प्रकार आढळत. वंशपरंपरेच्या इनामाचा थाट मोठा, परंतु त्या परंपरेचा 1954 च्या इनाम-निर्मूलन कायद्याने एका फटक्यात निकाल लावला. दुसरे इनाम तहहयात, धारकाच्या श्वासाइतकेच. या दुसऱ्या कागदात वर्षांचा आकडा कोणी लिहीत नसे, हे त्याचे शहाणपण. पुतण्या 35 हजारांना दहांनी भागून साल 3,500 काढतो आणि 3 हजारांच्या कवळीला पाचांनी भागून 600. त्या दहाच्या आकड्यात त्याने माझी मृत्युतिथी गृहीत धरली, हा माझा राग. परंतु मी तरी काय करीत होतो? एकाहत्तराव्या वर्षी हयातीपुरत्या गरजेसाठी वंशपरंपरेची सनद मागत होतो. टायटॅनियम 1,668 अंशांवर वितळते. लाकडाच्या चितेला ती धग नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना माझा स्क्रू पुतण्याच्याच हाती लागेल, आणि भंगाराचा भाव त्याच्याइतका कोणाला ठाऊक आहे?

तेव्हा कवळीच. तिच्याखालचे हाड हळूहळू झिजेल, ती सैल होईल, पुन्हा बसवून घ्यावी लागेल. आणि फुटाणे यापुढे उजव्या बाजूने खावे लागतील, ही रक्कम पुतण्याच्या जमाखर्चात कुठेच नाही, ती मी माझ्या हाताने खर्चाच्या बाजूस मांडली आहे. निर्णय ऐकून आपला भागाकार जिंकला म्हणून तो प्रसन्न झाला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.