मधुमेह, दैव आणि पुरुषकार
टाइप २ मधुमेह हे रोग्याच्या कर्माचे फळ मानावे काय, हे त्या रोगाची घडण पाहिल्याशिवाय ठरत नाही. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे अवयवांना संदेश देणारे द्रव्य, स्नायू व यकृत यांवर पुरेसे परिणामकारक ठरेनासे झाले की स्वादुपिंड त्याचे स्रवण वाढवते, आणि ही भरपाई अपुरी पडू लागली की, बहुधा अनेक वर्षांनी, रक्तातील साखर चढते. प्राचीन आयुर्वेदात चरकाने प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या मूत्रविकारांच्या, कारणांत बैठे सुख मोजले. सुश्रुताने अपथ्यजन्य प्रमेहाबरोबर सहज, म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषातून येणारा प्रमेहही मानला, आणि दोषारोपाच्या दृष्टीने हा भेद अधिक मोलाचा आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-पोषणाच्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. तरीही पुण्याकडील बालकांची त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ही देहरचना पुढील मधुमेहास अनुकूल मानली जाते. मग जन्मण्यापूर्वीच्या कुपोषणाचा जाब रोग्याला कसा विचारणार? पूर्वजन्मीचे कर्म हे उत्तर तर्काला पुरेल, न्यायबुद्धीला क्वचितच. खुद्द चरकानेही पूर्वदेहातील कर्माला दैव म्हणून, दुर्बल दैवावर बलवान पुरुषकार, म्हणजे या देहातील प्रयत्न, मात करतो असे मानले. चिकित्सेला त्याच्या मते अर्थ उरतो तो यामुळेच.