टीप

गोधडीची कड सगळ्यात आधी विरते, कारण झोपेत आपण तीच हनुवटीपर्यंत ओढतो. आजीच्या गोधडीचंही तेच झालं होतं. गेल्या थंडीत मी तिला मशीनवर गोट लावायला बसले. छत्तीसगड 1854पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं; रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी घरं जुनी आणि शब्दही मिसळलेले. शेजारीण गोधडीला कथरी म्हणते, पण गोट तिच्याकडेही गोटच.

रीत साधी आहे. अडीच-तीन इंचांची सुती पट्टी लांबीत दुमडायची, गोधडीच्या मागच्या कडेला लावून टीप मारायची, मग ती पुढे वळवून दुसरी टीप. मात्र त्यासाठी कड सरळ असलेली बरी. आजीची नागमोडी होती. मी मोजपट्टी ठेवली आणि एक बाजू कापून टाकली.

कात्री चालल्यावर लक्षात आलं. गोधडीचा धावदोरा काठाशी येऊन वळतो, गाठही तिथेच मारलेली असते. कापलेल्या चिंधीत आजीची सगळी वळणं होती आणि आतले टाके सुटू लागले होते. उरलेल्या तीन बाजूंना मी उरेब पट्टी लावली. ती वाकड्या कडेबरोबर वाकते.

काही वर्षांपूर्वी मी एका म्हाताऱ्या बाईचं छत्तीसगढी कथन मराठीत आणलं. ती एकच प्रसंग तीनदा सांगायची. मी एकदाच ठेवला. अनुवाद ओघवता आहे, असं सगळ्यांनी म्हटलं. काय गाळलं, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता वाटतं, तिचं सांगणं त्या तीन वळणांवरच पेललेलं होतं.

दुसऱ्याचं काम पुरं करणाऱ्याला त्यात कात्री चालवण्याचा हक्क असतो का? नाही म्हणणं सोपं आहे. पण कुठलीही गोधडी कापल्याशिवाय होत नाही. आजीने स्वतः सासूची लुगडी फाडली होती. फरक इतकाच, की तिचं फाडणं उघड्यावर होतं: कुठला तुकडा पदराचा, कुठला काठाचा, हे गोधडी पांघरणाऱ्याला दिसत होतं.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी कडेपासून शिवायला घेतात आणि मध्यावर संपवतात. आमच्या घरात कड शेवटी राहिली, आणि ती दुसऱ्याच्या हाती आली. अशा उशिरा आलेल्या हाताने आपण आल्याचं निदान सांगावं, असं मला वाटतं. हातशिलाईत गोट असा लपता टाका घालून बसवता येतो की तो पहिल्यापासून होता असं वाटावं. मशीनची टीप दिसते. कापलेल्या बाजूला मी मुद्दाम लाल दोरा घेतला.

मराठीत मशीनच्या शिवणीला टीप म्हणतात आणि पुस्तकात पानाच्या तळाशी येणाऱ्या ओळींनाही. माझ्या त्या पुस्तकासाठी तीन ओळींची टीप मी आता लिहून ठेवली आहे; पुढची आवृत्ती निघाली तर जाईल. तिने गाळलेलं परत येणार नाही. लाल दोऱ्यानेही आजीची वळणं परत आली नाहीत. ती चिंधी शिवणाच्या डब्यात आहे. टाकवत नाही, आणि लावायला आता जागा नाही.